दोन बुटांच्या मधे

अठराव्या शतकातल्या फ्रेंच बायकांशी माझी ओळख दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये झाली. एरवी त्यांची नि माझी गाठ पडायचं काहीच कारण नव्हतं. मी तेरा वर्षांची होते, शाळा तिथून दोन गल्ल्या पलीकडे होती आणि शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा मी त्या फ्लॅटमध्ये पियानो शिकायला जायचे. शिकवणाऱ्या बाई मूळच्या बैरूतच्या, तरुणपणी पॅरिसला शिकलेल्या. सगळी मुलं त्यांना मादाम म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. त्यांच्या पियानोच्या पोटात, खालच्या फळीमागे, पाण्याने भरलेलं काचेचं भांडं ठेवलेलं असायचं. एसीने लाकूड सुकतं आणि सूर उतरतात, म्हणून ती सोय. ज्याचा तास पहिला, त्याने ते भांडं भरायचं.

मादामनी मला एक पुस्तक दिलं होतं. त्यातल्या प्रत्येक रचनेच्या डोक्यावर राग किंवा ताल असं काही नाही, नुसतं कुणाचं तरी आडनाव. घरी आईने ते पाहिलं आणि विचारलं, "हे यांचे राग का गं?" आई लग्नाआधी कराडला मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. दुबईत आल्यापासून ती फक्त पोळ्या करताना गायची. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी पुढच्या तासाला मादामना विचारलं.

"ही माणसं आहेत," मादाम म्हणाल्या. त्या बोलायच्या इंग्रजीत, पण वाक्य संपेपर्यंत ते फ्रेंच झालेलं असायचं. त्या काळी फ्रान्समध्ये हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं वाद्य, वाजवणारे लोक ओळखीपाळखीच्या माणसांची चित्रं काढायचे, रंगाऐवजी सुरांत. एखादी राजकन्या, एखादी शिष्या, एखादी वाचाळ शेजारीण. तीन मिनिटांत बाई उभी. ती चालते कशी, बोलताना अडते कुठे, कुठली गोष्ट पुन्हापुन्हा सांगते. "आता ह्या बाई कोण होत्या, कुणालाच ठाऊक नाही," त्या माझ्यापुढच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या. "घर, नवरा, दागिने, सगळं खलास. जिना उतरताना मधेच थांबायच्या, एवढं मात्र राहिलंय. वाजव."

मी वाजवलं. जिन्यावर त्या थांबल्या की नाही ते मला समजलं नाही, पण मी मात्र तीन ठिकाणी थांबले.

आईला मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा ती खूश झाली. "आपल्यात रागाला माणूस करतात, यांनी माणसाचा राग केला," ती म्हणाली. त्या रचनांमध्ये एक मुखडा पुन्हापुन्हा परत यायचा आणि मधे वेगवेगळे भाग यायचे. ते ऐकून ती म्हणाली, "म्हणजे धृपद आणि कडवी. त्यात नवीन काय?" सुरांवर काढलेल्या बारीक नागमोडी खुणा पाहून तिने लगेच ओळखलं की या सूर नटवायच्या जागा आहेत. मादामच्या पुस्तकात त्या कशा घ्यायच्या याचा तक्ता होता. आईने तो बाजूला सारला आणि स्वतः गाऊन दाखवलं, "इथे खटका घे. इथे नको, इथे नुसतं टेकून पुढे जा." माझी पंचाईत अशी की आईचा खटका बोटांत बसला की तो निघायचा नाही. मादाम ऐकायच्या, भुवया वर करायच्या. "हे पॅरिसचं नाही," त्या म्हणायच्या, "पण कुणाचं तरी आहे. राहू दे."

घरी आमच्याकडे पियानो नव्हता, साधा कीबोर्ड होता. त्याची पट्टी हळू दाबली काय, जोरात दाबली काय, आवाज एकच. मला याची लाज वाटायची. मादामना मी ते अगदी खाली मान घालून सांगितलं, तर त्या हसल्याच. हार्पसिकॉर्डचंही तसंच असतं म्हणाल्या. पियानोत तारेवर हातोडी पडते, तिला जोर लावता येतो. तिथे पिसाची काडी तार छेडते, कितीही आपटा, आवाज तेवढाच. "मग ज्या सुराकडे लोकांनी लक्ष द्यावं असं वाटतं, त्याचं काय करायचं?" त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच उत्तर दिलं, "तो किंचित उशिरा वाजवायचा. कान वाट पाहतो. वाट पाहिलेला सूर मोठा वाटतो."

त्या वर्षी आमच्या घरात एक प्रश्न लोंबकळत होता. बाबा शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका मोठ्या गॅरेजचे सुपरवायझर होते, ट्रक आणि जनरेटर दुरुस्त करणारं गॅरेज. कंपनीने फॅमिली अकोमोडेशन बंद करायचं ठरवलं होतं. म्हणजे करामातला आमचा फ्लॅट जाणार. मग एकतर बाबांनी स्वतः कुठेतरी जागा पाहायची आणि ओव्हरटाइम करून ती चालवायची, नाहीतर आई आणि मी कराडला परत जायचं आणि बाबांनी गॅरेजमागच्या स्टाफच्या खोलीत राहायचं. शाळेचं वर्ष मार्चअखेर संपत होतं, तोवर काय ते ठरणार होतं. आसपासच्या दोन कुटुंबांत हे झालेलं होतं. वडील राहिले, बाकीचे गेले. मला जायचं नव्हतं. मी बाबांना दर शुक्रवारी विचारायचे, आणि ते म्हणायचे, "बघू, इन्शाल्ला." आमच्या घरात इन्शाल्लाचा अर्थ बहुतेक वेळा नाही असा व्हायचा.

आईने या बाबतीत तोंड उघडलं नाही. फक्त एकदा, मामाचा फोन येऊन गेल्यावर, ती जेवताना म्हणाली, "आमच्या शाळेत गाण्याच्या बाई रिटायर होतायत म्हणे. दादा म्हणतो, ये परत, जागा धरून ठेवतो." आणि हसली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने आमटी वाढली आणि विषय संपला. मला वाटलं, गंमत म्हणून सांगितलं असेल.

त्याच सुमाराला मादामनी जाहीर केलं की फेब्रुवारीत, एका गुरुवारी संध्याकाळी, त्यांच्या घरी आई-वडिलांसाठी कार्यक्रम होईल. पुस्तकातलं कुणी काही वाजवायचं नाही. प्रत्येकाने आपल्या ओळखीतल्या एका माणसाचं चित्र स्वतः बांधायचं आणि ऐकणाऱ्यांनी ते कुणाचं हे ओळखायचं. मी लगेच ठरवलं, बाबांचं. यात प्रेमापेक्षा हिशेबीपणा जास्त होता. माझा तर्क असा होता की माणसाला स्वतःचं चित्र दाखवलं की तो विरघळतो. बाबा ऐकतील, आपण घरात किती भरून आहोत हे त्यांच्या ध्यानात येईल, आणि ते आम्हाला पाठवणार नाहीत.

चित्र काढायला बसल्यावर लक्षात आलं की या माणसाची मला फारशी माहितीच नाही. सकाळी मी उठायच्या आत ते शारजाला निघालेले असायचे. शुक्रवारी अर्धा दिवस झोपायचे. उरलं काय, तर संध्याकाळचं घरी येणं. ते मात्र मला पाठ होतं. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबते तेव्हा होणारा ठोका. बेल न वाजवता लावलेली किल्ली, तीही पहिल्यांदा चुकीची. मग दारामागच्या स्टुलावर बसून एक सेफ्टी शू काढणं, तो जड बूट जमिनीवर पडणं. आणि मग काहीच नाही. एक बूट पायात, एक खाली, बाबा नुसते बसून राहायचे. बऱ्याच वेळाने दुसरा बूट पडायचा, आणि हात धुवायच्या साबणाचा वास घेऊन ते आत यायचे. त्यापूर्वी ते घरात आलेत असं आम्ही धरत नव्हतो.

हे मी मुखडा म्हणून बांधलं. डाव्या हाताला लिफ्टचा ठोका, उजव्या हाताला किल्लीची खुडबुड, तिच्यावर आईचा खटका, मग एक खालचा सूर, मग विराम, आणि उशिरा, अगदी उशिरा, तोच सूर पुन्हा. मधल्या भागांत मी गॅरेज घातलं. एकदा बाबांबरोबर तिथे गेले होते, त्या भांडवलावर. पत्र्यावरचे घाव, कॉम्प्रेसरची धडधड, "अरे पकड उसको" असल्या हाका.

मादामनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "गॅरेज मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझी गाडी असल्याच ठिकाणी दुरुस्त होते. माणूस कुठे आहे?" मी पट्ट्यांवरचे हात मांडीवर घेतले. "मुखडा चांगला आहे. तो आवाज तू रोज ऐकतेस, ते कळतं. बाकीचं तू कल्पनेने भरलंयस. ते काढ. जे रोज ऐकतेस तेच ठेव. यल्ला, चल, पुढच्या तासाला."

मी गॅरेज काढून टाकलं. पण मग मधे काय घालायचं? मी रोज ऐकायचे ते घरातलेच आवाज. कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत आईचं गुणगुणणं. बाल्कनीचं सरकतं दार उघडून तिने खाली डोकावणं, गाडी लागली का बघायला, आणि पुन्हा दार लावणं. टीव्ही लावून लगेच बंद करणं. मी तेच घातलं. एकेका भागानंतर मुखडा यायचा. बाबा घरी यायचे, पुन्हा पुढच्या भागात घर रिकामं व्हायचं, पुन्हा ते यायचे. मला ते फार आवडलं. कीबोर्डवर मी ते इतकं घोटलं की आई पोळ्या लाटताना त्याच तालात लाटायला लागली. कुणाचं आहे ते मी तिला सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

कार्यक्रमाला बाबा येतील अशी आशा नव्हती. पण ते आले, थेट शारजाहून, कामाच्याच कपड्यांत, आणि सोफ्यावर न बसता मागे भिंतीला टेकून उभे राहिले. सगळ्यात आधी एका मल्याळी मुलाने आपली आजी वाजवली. ती सारखी शिंकते हे सगळ्यांनी ओळखलं. एका लेबनीज मुलीने खुद्द मादामनाच वाजवलं, हातातल्या बांगड्यांसकट, आणि मादाम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग माझा नंबर आला.

मी नीट वाजवलं. विराम हवे तेवढे लांब घेतले. एका विरामात समोरच्या बाईंनी संपलं समजून टाळी वाजवायला हात उचलले आणि पुन्हा खाली ठेवले, ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. संपल्यावर मादामनी विचारलं, "कोण?" कुणीतरी घड्याळ म्हणालं. कुणीतरी वॉचमन म्हणालं. मी बाबांकडे बघत होते. त्यांनी ऑफिसच्या मीटिंगमध्ये करतात तसा हात वर केला आणि म्हणाले, "माय वाइफ."

इतक्या खात्रीने म्हणाले की सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या. मादामनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लोकांसमोर बाबांना खोटं पाडणं मला जमलं नाही, मी मान डोलावली. आई मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

परत येताना बाबांनी आईला इमारतीच्या दाराशी उतरवलं. तिला भात लावायचा होता, आणि करामात पार्किंग मिळायचं म्हणजे निदान तीन-चार फेऱ्या असायच्याच. गाडीत आम्ही दोघंच उरलो. दुसऱ्या फेरीत मी म्हणाले, "बाबा, दॅट वॉज यू."

"काय?"

"द पीस. इट वॉजन्ट आई. इट वॉज यू. लिफ्ट, की, शूज. एव्हरीथिंग."

बाबांनी एका रिकाम्या वाटणाऱ्या जागेपाशी वेग कमी केला. तिथे कचऱ्याचा डबा होता. ते पुढे निघाले.

"नाही गं," ते म्हणाले. "मी येतो तेव्हा मला लिफ्टचा आवाज ऐकू येतो का? मी तर लिफ्टच्या आत असतो. तू वाजवलंस ते सगळं घरातून ऐकलेलं आहे. लिफ्ट थांबली, किल्ली लागली, हे कान देऊन कोण ऐकतं? बाल्कनीत कोण जातं?" मग गल्लीच्या टोकाला गाडी वळवून म्हणाले, "आणि तू जिथे मधेच थांबतेस ना, तिथे मी काही करत नसतो. दमलेला असतो, बसतो. पण किचनमधला आवाजही तेव्हा बंद होतो. दुसरा बूट काढेपर्यंत ती भांड्याला हात लावत नाही. ते मला कळतं. रोज कळतं."

बाबांना मी सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"एवढी गाणारी बाई," ते म्हणाले, "आणि इथे येऊन माझ्या बुटांचा आवाज ऐकत बसलीये. चांगली नोकरी येतेय तिला तिकडे. जाऊ दे तिला. दोघी जा. दॅट इज बेटर."

"बट आय प्लेड इट सो वुई कॅन स्टे," मी म्हणाले. मला रडू आलं आणि रागही आला. माझ्यावर की त्यांच्यावर, ते मी तेव्हा ठरवलं नाही, नंतरही ठरवलं नाही.

"बेटा, खूप छान वाजवलंस," बाबा म्हणाले. समोरची गाडी निघत होती. त्यांनी इंडिकेटर लावला आणि ती पूर्ण बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली.

एप्रिलमध्ये आम्ही कराडला गेलो. आई निघेपर्यंत बाबांशी कामापुरतंच बोलली. तिला पाठवायचं त्यांनी तिला न विचारता ठरवलं, हा तिचा राग होता. आणि तो रास्त होता असं मला आजही वाटतं. विमानतळावर ती त्यांना म्हणाली, "अहो, रात्री दार आतून लावत जा," आणि आत गेली. पण जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत तिचा आवाज परत आला. पहिले दोन महिने घसा बसायचा, मग मोकळा झाला. स्नेहसंमेलनासाठी ती साठ मुलींना एका सुरात गायला लावायची आणि घरी येऊन त्यांच्या नकला करून दाखवायची. बाबांचं म्हणणं बरोबर होतं. ते बरोबर होतं म्हणून आमच्यातल्या कुणालाही बरं वाटलं असं मात्र नाही. कीबोर्ड सामानात बसला नाही, तो बाबांकडे राहिला. मादाम पुढे कॅनडाला गेल्याचं कळलं. मी मुखडा तेवढा लक्षात ठेवला, मधले भाग विसरले.

मी पुन्हा तिकडे गेले ती थेट कॉलेजात असताना, डिसेंबरच्या सुट्टीत, बाबांनी काढलेल्या व्हिजिट व्हिसावर. करामात आमच्या जुन्या शेजाऱ्यांकडे उतरले होते. एका दुपारी बाबांनी मला शारजाला त्यांच्या खोलीवर नेलं. गॅरेजच्या मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, तीन पलंग. बाकीचे दोघे रत्नागिरीकडचे. एक रजेवर गेला होता, दुसऱ्याने माझ्यासाठी सुकटाची चटणी आणि भात केला होता आणि मी आणखी वाढून घ्यावं म्हणून मागे लागला होता. आमचा कीबोर्ड कपाटावर होता, टॉवेलात गुंडाळलेला. मी विचारलं, कधी वाजवता का? बाबा म्हणाले, "मला कुठे येतं? धूळ पुसतो."

तिकडे गॅरेजला दुपारी मोठी सुट्टी असते आणि चार वाजता पुन्हा काम सुरू होतं. चारला दहा मिनिटं असताना बाबा पलंगाच्या कडेवर बसले, बूट ओढले आणि उजवा पायात घालून लेस बांधली. डावा तसाच जमिनीवर. आणि ते थांबले. उशीवरचा मोबाइल त्यांनी उचलून मांडीवर ठेवला होता. सिंककडे रत्नागिरीकर काका ताटं घासत होते. त्यांनी नळ बंद केला आणि ओले हात तसेच धरून उभे राहिले. मी काहीतरी विचारणार होते, त्यांनी मला हळूच मानेने गप्प केलं.

आईची शाळा पाचला सुटते, म्हणजे शारजात साडेतीन वाजलेले असतात. घरी पोचली की ती लँडलाइनवरून एक मिस्ड कॉल द्यायची, हे मला माहीत होतं. कराडला फोनपाशी मीच तर तिच्या शेजारी असायचे. ती चप्पल काढायच्या आधी नंबर फिरवायची आणि एक रिंग झाली की ठेवून द्यायची. या टोकाला काय होतं ते मी पहिल्यांदा पाहत होते.

फोन एकदा वाजला आणि बंद झाला. काकांनी नळ सोडला. बाबांनी फोन खिशात ठेवला आणि दुसरा बूट ओढून घेतला.

मी म्हटलं, "बाबा, मी तेव्हाच सांगितलं होतं. दॅट वॉज यू."

ते लेस बांधत होते. मी कशाबद्दल बोलतेय हे त्यांनी विचारलं नाही.

"तेव्हा नव्हतो," ते म्हणाले, आणि उठून कामावर गेले.